शेकोटीसाठी ५ किलोच्या जळणाच्या मोळ्या पॅक करून विकायच्या, तर काय पाहावं?

पवनेकाठच्या कॅम्पवाल्यांना विकणार असाल तर सगळा खेळ ओलीचा आहे. ३५ टक्के ओल असलेलं लाकूड ५ किलो भरून ठेवलंत, तर ते २० टक्क्यांवर येईतो मोळी जेमतेम ४ किलोंची उरते. गिऱ्हाईक भांडतं, आणि त्याचं बरोबरच असतं. म्हणून आधी फोडा, वाळवा, मग वजन करा.

ओंडके १२ ते १४ इंचांवर कापून मनगटाएवढे फोडायचे. सालीसकट गोल ठेवलेलं लाकूड आतून लवकर वाळत नाही. खाली फळ्या, वर पत्रा, बाजू उघड्या; दिवाळीनंतर रचलेलं बाभूळ किंवा सुबाभूळ मार्च-एप्रिलपर्यंत तयार होतं. टोकांना भेगा पडल्या आणि दोन तुकडे आपटून खणखणीत आवाज आला की समजा वाळलं. बद्द आवाज म्हणजे अजून ओलं.

प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरून बुरशी येते. कांद्याची जाळीदार पिशवी उत्तम. प्रत्येक मोळीत मूठभर ढलप्या टाकाच, नाहीतर लोक रॉकेल ओततात. बंद पेऱ्यांचा बांबू मात्र नको, तो तापून फुटतो. रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूडही नको, धूर विषारी असतो.

आधीच पॅक केलेल्या मालावर निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष, नाव-पत्ता छापावा लागतो. तोड आणि वाहतुकीचा परवाना झाडाच्या जातीवर ठरतो; माल उचलण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.

विकत घेणाऱ्यांनी हिशेब धरावा: छोटी शेकोटी तासाला ३-४ किलो खाते.