बॅटरी नसेल तर आफ्रिकेतल्या गावातला सौर पंप रात्री पाणी कसा देणार?

बॅटरी लागतच नाही. वीज साठवण्याऐवजी पाणी साठवायचं. पंप दिवसभर उन्हावर चालून उंचावरची टाकी भरतो आणि रात्री नळाला पाणी टाकीतून येतं. गणित मांडून बघा: १,००० लिटर पाणी १ मीटर चढवायला साधारण २.७ वॉट-तास लागतात. ५०० वस्तीच्या गावाला माणशी २० लिटर, म्हणजे रोज १०,००० लिटर. ते ४० मीटर चढवायला सुमारे १,१०० वॉट-तास. पंप-मोटरची कार्यक्षमता निम्मी धरली, म्हणजे रोज सुमारे २,२०० वॉट-तास लागले, तरी तीनेक तासांच्या भर उन्हात ७००-८०० वॉटची पॅनेलं पुरतात, फक्त हरमट्टान हा सहाराकडून येणारा कोरडा, धुळीचा वारा सुटला की काचेवरची धूळ पुसत राहायला हवी. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशाच्या उत्तरेला कलाले भागात २००७ साली बेसासी आणि दुंकासा या गावांत हेच केलं. तिथं पंप टाकी भरतो, टाकीतून ठिबकनं पाणी महिला गटांच्या मळ्यात जातं, आणि ऐन कोरड्या हंगामात टोमॅटो, भेंडी निघते.

पण एक पथ्य पाळाच: जुना हातपंप उखडू नका. पॅनेलची वीज पंपाला जुळवून देणारा कंट्रोलर जळला तर तो गावात दुरुस्त होत नाही, सुटा भाग शहरातून यावा लागतो. हातपंपाचं वॉशर मात्र गावातलाच मेकॅनिक बदलतो. आफ्रिकेत सर्रास दिसणाऱ्या इंडिया मार्क २ हातपंपाचं मूळ आपल्या सोलापूर-जालन्याच्या हातपंपांत आहे, आणि सौर पंप बंद पडेल त्या दिवशी गावाला तोच पाणी देईल.