स्लो सिग्नलिंग : 'मंद' की 'संथ'?

प्रश्न असा आहे की मेंदूतल्या पेशींमधल्या स्लो सिग्नलिंगला 'मंद संदेशवहन' म्हटलं तर चालेल का. मी तरी नाही म्हणणार. मंद म्हटलं की वेगाच्या आधी जोर कमी असल्याचंच डोक्यात येतं, मंद दिवा, मंदाग्नी, मंदबुद्धी, सगळीकडे काहीतरी कमी पडतंय. इथे तसं काही नाही, सुरू व्हायला वेळ लागतो आणि परिणाम रेंगाळतो एवढंच.

म्हणजे बघा, एका पेशीकडून दुसरीकडे संदेश नेणारं रसायन, ग्लुटामेट, एकच, पण ते पुढच्या पेशीवरच्या कुठल्या रिसेप्टरला, म्हणजे ते पकडणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतं त्यावर सगळं ठरतं. ॲम्पा रिसेप्टर म्हणजे स्वतःच चॅनल, आयन आत-बाहेर सोडणारं दारच, ग्लुटामेट चिकटलं की उघडला आणि काही मिलिसेकंदांत काम आटोपलं. एनएमडीएचंही तसंच, फक्त तो बंद व्हायला शंभर-शंभर मिलिसेकंद घेतो. खरा संथ कारभार एमग्लूआर, म्हणजे मेटाबोट्रॉपिक ग्लुटामेट रिसेप्टर, मंडळींचा, यांचे ८ प्रकार आणि एकालाही स्वतःचा चॅनल नाही. लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशीतला एमग्लूआर१ घ्या, तो पेशीच्या आत जी-प्रोटीन नावाच्या प्रथिनाला हलवतो, ते एका एन्झाइमला, असं करत करत शेवटी टीआरपीसी३ नावाचा भलताच चॅनल उघडतो. त्यात हा एमग्लूआर१ बसतो सिनॅप्सच्या, म्हणजे दोन पेशींच्या सांध्याच्या, कडेला, त्यामुळे एखाददुसऱ्या संदेशाला दाद देत नाही, लागोपाठ मारा झाला आणि ग्लुटामेट सांडत कडेपर्यंत पोचलं की मग कुठे हलतो, पण एकदा प्रवाह सुरू झाला की ॲम्पाचं कधीच उरकलेलं असतं आणि याचं आपलं सेकंदभर चालूच. याला मंद कसं म्हणायचं?

'विलंबित' पण सुचवलंय, वाईट नाही, पण त्यात उशिरा सुरू होणं येतं, टिकून राहणं तितकंसं येत नाही, आणि गाडी लेट असल्यासारखं वाटतं ते वेगळंच. मला 'संथ' बरा वाटतो, गती कमी पण खंड नाही. मेटाबोट्रॉपिकला मात्र 'चयापचयी' करू नका, अन्न पचवण्याशी याचा संबंध असल्यासारखं वाचणाऱ्याला वाटेल, त्यापेक्षा आहे तोच शब्द राहू दे.

आणि सरसकट 'संथ उत्तेजन' पण नको. डोळ्याच्या पडद्यातल्या काही बायपोलर पेशींवर एमग्लूआर६ असतो, तिथे ग्लुटामेट आलं की चॅनल चक्क बंद होतात. त्यामुळे उत्तेजन नाही, 'संदेशवहन'च म्हणा.