फ्रिक्शन ड्राइव्हच्या मोटारी खरंच होत्या का, आणि त्या बंद का पडल्या?

शंभरेक वर्षांपूर्वी दात्यांच्या गिअरशिवाय, नुसती दोन चाकं एकमेकांवर दाबून, म्हणजे घर्षणाने (फ्रिक्शनने) चालणाऱ्या मोटारी होत्या का, आणि असल्या तर त्या गेल्या कुठे, असं तुम्ही विचारलंय.

होत्या, आणि बऱ्यापैकी खपतही होत्या. इंजिनच्या शाफ्टवर एक सपाट धातूची तबकडी. तिच्या तोंडावर काटकोनात टेकणारं दुसरं चाक, त्याच्या कडेला दाबून घट्ट केलेल्या पुठ्ठ्याचं कडं. हे चाक आडव्या शाफ्टवर सरकवता यायचं. तबकडीच्या मध्याजवळ आणलं की सावकाश फिरणार, कडेकडे नेलं की जोरात. मध्य ओलांडून पलीकडे नेलं की उलटं, म्हणजे रिव्हर्स! पुढे चेन, मग मागची चाकं. तबकडीवरचा दाब काढला की ताकद तुटली, त्यामुळे वेगळा क्लचही नको.

अमेरिकेत बायरन कार्टरची ‘कार्टरकार’ याच युक्तीवर उभी होती. १९०९ मध्ये जनरल मोटर्सचा संस्थापक विल्यम ड्युरंटने ती कंपनी जनरल मोटर्ससाठी घेतली. पुढे या खरेदीवरून त्याला नावं ठेवली गेली, पण मला तो व्यवहार वेडेपणाचा वाटत नाही. तेव्हाचे गिअर बदलायचे म्हणजे दाते करकरणार. दाते जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी सिंक्रोमेशची सोय यायला १९२८ उजाडलं. इथे तर नवशिक्यानेही बिनधास्त दांडा सरकवावा. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमची मेट्झ कंपनी तर एक गाडी सुट्या भागांच्या १४ गठ्ठ्यांत, गठ्ठ्याला २५ डॉलर घेऊन विकायची. जोडा तुमची तुम्ही. मेट्झच्याच फ्रिक्शनवाल्या गाड्यांनी १९१३ ची ग्लिडन टूर ही लांब पल्ल्याची स्पर्धा जिंकली. इंग्लंडमध्ये १९११ पासून जी.डब्ल्यू.के. ही अशीच गाडी होती.

मग घोडं अडलं कुठे? भूमितीत. चढावर जास्त जोर हवा म्हणून चाक मध्याकडे आणायचं. पण इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तेवढाच असताना मध्यापासूनचं अंतर २० सेंटिमीटरवरून ५ वर आणलं, की टेकण्याच्या जागी पकड चौपट लागते. म्हणजे गाडीला सगळ्यात जास्त गरज असते तिथेच ती घसरणार. घसरू नये म्हणून जोरात दाबा, तर बेअरिंगवर भार.

शिवाय पुठ्ठ्याच्या कड्याला रुंदी असते. ती ४ सेंटिमीटर धरा. मध्यापासून ५ सेंटिमीटरवर चाक उभं असेल, तर त्याची आतली कड तबकडीच्या ३ सेंटिमीटरच्या वर्तुळावर आणि बाहेरची ७ च्या. तबकडीचा वेग दोन्हीकडे दुपटीहून जास्त वेगळा, चाकाचा मात्र एकच. त्यामुळे न घसरताही कडं खरवडलं जातंच. गाडी उभी असताना घाईने दाब दिला तर फिरती तबकडी कड्याचा एकच भाग जाळून सपाट करायची, आणि मग पुढचा सगळा प्रवास धडधडत. तेल उडालं तर बोलायलाच नको.

मी फोर्जिंगमध्ये, म्हणजे तापवलेला धातू ठोकून घडवण्याच्या कामात होतो. तिथे जुन्या फ्रिक्शन प्रेसच्या (घर्षणाने चालणाऱ्या दाबयंत्राच्या) फ्लायव्हीलला, म्हणजे जड चाकाला, चामड्याची पट्टी असते, ती झिजणार हे गृहीतच असतं आणि बदलणारा माणूस शॉपमध्येच असतो. मोटारवाल्याला रस्त्यात ते कसं परवडणार? इंजिनं दमदार होत गेली, गिअरचे दाते चांगल्या पोलादाचे आले, आणि कार्टरकार १९१५ मध्ये थांबली.

आपल्या गिअरलेस स्कूटरमध्येही ताकद घर्षणानेच जाते, पण तिथे पट्टा पुलीच्या तिरक्या बाजूंमध्ये आवळला जातो, त्यामुळे पकडायला जागा भरपूर. मूळची तबकडी-चाकाची जोडी पाहायचीच असेल, तर अमेरिकेत अंगणातला बर्फ उडवणारी यंत्रं मिळतात, त्यांतल्या बऱ्याच यंत्रांत ती अजून आहे. पुठ्ठ्याऐवजी रबराचं कडं लावतात. ते झिजतंच, पण अशा यंत्राचा वेग माणसाच्या चालीएवढा, त्यामुळे खपून जातं.