वाचकांचे प्रश्न : साहेबाचे ओटे, सिमला ऑफिस, वाघोलीचा निळा खडा आणि उंबराचे फूल

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त लागली आहे, कारण त्यात दोन ग्रहणांचा गुंता झालेला असून तो सोडवल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही.

प्रश्न : विजयदुर्गाच्या सहलीत आम्हांला सांगण्यात आले की, हेलियम या वायूचा शोध १८६८ साली याच किल्ल्यावर लागला. तेथे ‘साहेबाचे ओटे’ही दाखवतात. यात तथ्य किती?
(एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : ओटे खरे, साहेब खरा आणि ग्रहणही खरे, चुकले आहे ते साल. हा साहेब म्हणजे इंग्रज ज्योतिर्विद नॉर्मन लॉकियर. १८ ऑगस्ट १८६८ रोजी जे खग्रास सूर्यग्रहण झाले, त्याचा पट्टा विजापूर, जमखंडी, गुंटूर, मच्छलीपट्टण असा दक्षिण भारतावरून गेला. मात्र त्या दिवशी लॉकियर कोकणात नव्हे, तर इंग्लंडमध्ये होते. गुंटूरला फ्रेंच ज्योतिर्विद पिएर जानसेन दुर्बिणीला वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणारे उपकरण, लावून बसले होते. चंद्राने सूर्यबिंब झाकल्यावर कडेला ज्या तांबूस ज्वाला दिसतात, त्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण केल्यावर त्यांना सलग रंगपट्टा न दिसता सुट्या, तेजस्वी रेषा दिसल्या. याचा अर्थ, त्या ज्वाला तापलेल्या वायूच्या होत्या आणि त्यात मुख्यतः हायड्रोजन होता.

त्या रेषांमध्ये एक पिवळी रेषा होती. तिच्याविषयी कोणाला फारसे नवल वाटले नाही, कारण पिवळी रेषा म्हणजे सोडियम हे तोवर ठाऊक झालेले होते. आपल्या स्वयंपाकघरातही हे रोज घडते. वरण उतू जाऊन शेगडीवर सांडले की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते, तो पिवळा रंग वरणातल्या हळदीचा नसून मिठातल्या सोडियमचा असतो. मच्छलीपट्टणला वेध घेणारे मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन यांनी मात्र ही रेषा सोडियमच्या जागी ‘किंवा तिच्या जवळ’ असल्याचे सावधपणे नोंदवून ठेवले. पुढचा सगळा इतिहास त्या ‘जवळ’मध्ये दडलेला आहे.

जानसेन यांना त्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की, ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात असे त्यांच्या मनाने घेतले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या भर उन्हात पाहिल्या. इकडे इंग्लंडमध्ये लॉकियर यांनी, जानसेन यांच्या कामाची वार्ता पोहोचण्यापूर्वीच, २० ऑक्टोबरला हीच गोष्ट स्वतंत्रपणे साधली. दोघांचेही वृत्तांत पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत वाचले गेले आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या मुद्रा असलेले एक पदकही पाडले. ते पदक ग्रहणाविना सौरज्वाला पाहण्याच्या युक्तीसाठी होते, हेलियमसाठी नव्हे. पुष्कळ लेखांतून मात्र ते हेलियमच्या खाती जमा केलेले आढळते.

लॉकियर यांनी पिवळी रेषा बारकाईने मोजली, तेव्हा ती सोडियमच्या जोडरेषांशी जुळेना. सोडियमच्या रेषांची तरंगलांबी ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटर आहे, तर ही नवी रेषा ५८७.६ च्या आसपास येते. फरक सुमारे दीड नॅनोमीटरचा, पण एवढ्यावरून सूर्यात एखादे अनोळखी मूलद्रव्य असावे असा तर्क निघाला आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम हे नाव मिळाले. रसायनशास्त्रज्ञांनी त्यावर बरीच वर्षे विश्वास ठेवला नाही, आणि त्यांना दोष देता येणार नाही. केवळ एका रेषेच्या भरवशावर नवे मूलद्रव्य मानायचे म्हणजे पावलाच्या ठशावरून माणसाची कुंडली मांडण्यासारखेच होते. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली, तेव्हा हा वाद मिटला.

मग विजयदुर्ग कोठून आला? २२ जानेवारी १८९८ रोजी आणखी एक खग्रास सूर्यग्रहण झाले, त्याचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून आत शिरला आणि या वेळी लॉकियर खरोखरच विजयदुर्गाला मुक्काम ठोकून होते. त्यांच्या मदतीला ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी होते. जड उपकरणे हलू नयेत म्हणून पक्के ओटे लागतात, तेव्हा ‘साहेबाचे ओटे’ या मुक्कामाशी जोडणे मला अधिक पटते. हेलियमचा साहेब, सूर्यग्रहण आणि किल्ला या तिन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे मधली तीस वर्षे गळून पडली आणि १८६८ चे श्रेय विजयदुर्गाला मिळाले. आता तर १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिवसही साजरा होतो. त्या निमित्ताने मुले आकाशाकडे बघत असतील तर मी हरकत घेणार नाही, फक्त त्यांना गुंटूरचे नावही सांगावे.

पुणेकरांना या प्रकरणात मिरवण्याजोगे काही हवे असेल तर ते १८९८ च्याच ग्रहणात आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले, म्हणजे संगमाजवळच्या पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले (आताचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ), प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी हे ग्रहण करमाळा तालुक्यातील जेऊर येथून टिपले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथकही त्याच जेऊरला उतरले होते. पुणे-सोलापूर मार्गावरच्या आडवळणाच्या स्थानकात त्या आठवड्यात कोणकोणत्या भाषा ऐकू आल्या असतील, याची कल्पना करावी. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून नायगमवाला यांनी कॉलेजात वेधशाळा उभारली होती आणि तिच्यात २० इंची परावर्तक दुर्बीण होती. एवढी मोठी दुर्बीण त्या काळी भारतात दुसरी नव्हती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. हळहळायचेच असेल तर विजयदुर्गापेक्षा या दुर्बिणीसाठी हळहळावे.

प्रश्न : शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या इमारतीला रिक्षावाले आणि जुने लोक ‘सिमला ऑफिस’ का म्हणतात?
(एक वाचिका, मॉडेल कॉलनी)

उत्तर : कारण ते कार्यालय सिमल्याहून आले. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये कोलकात्याला झाली. १९०५ मध्ये मुख्यालय सिमल्याला गेले, १९२८ मध्ये ते पुण्याला आणले गेले आणि १९४४ मध्ये दिल्लीला हलले. म्हणजे मुख्यालय पुण्यात उणीपुरी सोळा वर्षे होते, पण खात्याची मोठी कचेरी येथे राहिली आणि सिमल्याचे नावही चौकाला चिकटून राहिले. पुण्यात पेठा वारांवर आणि मारुती वाटेल त्या नावावर चालतात, तेथे एका कचेरीने हिमालयातले गाव सोबत आणले तर त्यात विशेष ते काय! जाता जाता एवढे सांगायला हवे की, याच खात्याचे सिमल्यातले प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी आपल्या मॉन्सूनचा अंदाज बांधण्याच्या खटपटीत पॅसिफिक महासागरावरच्या वायुदाबाचा झोका ओळखला. आज एल निनोच्या बातम्या वाचताना ज्याचा उल्लेख येतो, तो हाच झोका.

प्रश्न : वाघोलीच्या खाणीतून आणलेल्या एका दगडाच्या पोकळीत मोरपिशी निळ्या रंगाचे बारीक गोळे आहेत. हे कोणी रंगवून विकले असावे का?
(एक वाचक, खराडी)

उत्तर : रंगवलेला माल बाजारात असतो, त्यामुळे शंका रास्त आहे, पण पत्रासोबतच्या छायाचित्रावरून आणि सापडण्याच्या ठिकाणावरून हे कॅव्हन्साइट असण्याचा संभव मोठा आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन नावांची आद्याक्षरे जोडून हे नाव केलेले आहे आणि निळा रंग व्हॅनेडियमचा आहे. हे खनिज प्रथम अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सापडले, पण जगभरच्या संग्रहालयांत जे देखणे नमुने ठेवलेले असतात ते बहुतेक वाघोलीचे असतात. आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. तो थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, मग खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने त्या पोकळ्यांत विरघळलेली द्रव्ये आणून सोडली आणि त्यांचे सावकाश स्फटिक झाले. निळ्या गोळ्यांखाली पांढरे किंवा फिकट गुलाबी, मोत्यासारखी झाक असलेले स्फटिक दिसत असतील तर ते स्टिल्बाइट या खनिजाचे असावेत. दोघांची संगत नेहमीची आहे. दगड घासून किंवा ब्रशने धुऊ नये, कारण निळे गोळे म्हणजे सुईसारख्या स्फटिकांचे झुपके असतात आणि ते सहज तुटतात.

प्रश्न : कोणी फार दिवसांनी भेटले की आपण ‘उंबराचे फूल झालात’ असे म्हणतो. उंबराला खरोखर फूल येत नाही का? आणि उंबरात किडे असतात, तर मग अंजीर उपासाला चालते कसे?
(एक वाचिका, कोथरूड)

उत्तर : उंबराला फुले येतात, आणि एका उंबरात ती शेकड्यांनी असतात, फक्त ती बाहेर येत नाहीत. ज्याला आपण उंबराचे फळ म्हणतो ती खरे तर आत वळलेली, सर्व बाजूंनी मिटलेली पुष्पथाळी आहे. खोडाला लगडलेले एक कच्चे, हिरवे उंबर काढून सुरीने उभे कापावे. कापताच पांढरा चीक येतो. तो पुसला की आतल्या भिंतीवर दाटीवाटीने उभी असलेली पांढुरकी फुले साध्या भिंगातूनही दिसतात. देठाच्या विरुद्ध टोकाला बारीक खवल्यांनी बुजलेले एक छिद्र असते आणि या पुष्पथाळीत शिरायला वाट असते ती तेवढीच.

या वाटेने शिरू शकते ती उंबराचीच म्हणून असलेली, दोन-एक मिलिमीटर लांबीची एक वरटी, म्हणजे गांधीलमाशीच्या जवळचा एक बारीक कीटक. खवल्यांतून आत घुसताना तिचे पंख तुटतात. आत ती दुसऱ्या उंबरातून आणलेले परागकण फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. तिची पिले त्या फुलांतच वाढतात. नर आधी बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात, ते अजून फुलात बंद असलेल्या माद्यांशी समागम करतात, उंबराच्या भिंतीला भोक पाडतात आणि बहुधा बाहेरचे जग न पाहताच संपतात. याच सुमारास उंबरातली नर फुले पिकतात, त्यांचे पराग घेऊन पंखवाल्या माद्या त्या भोकातून निघतात आणि एक-दोन दिवसांच्या आयुष्यात दुसरे कच्चे उंबर गाठतात. त्यानंतर उंबर लाल होते, पोपट आणि वटवाघळे त्याचा समाचार घेतात आणि आपल्या अंगणात सडा पडतो. वडाची आणि पिंपळाची कथाही अशीच आहे, मात्र त्यांच्या वरट्या वेगळ्या. ‘उंबर फोडून केंबरे काढू नयेत’ असे जुने लोक म्हणत. त्यांतली केंबरे ती हीच, आणि ती नसती तर उंबराला रुजणारे बी धरले नसते.

आता अंजिराकडे. अंजीर उंबराच्याच कुळातले असल्यामुळे त्यालाही फुले आतच येतात आणि काही परदेशी जातींना फळ धरण्यासाठी वरटी लागते. आपल्या पुरंदर तालुक्यातले अंजीर मात्र परागीभवनाशिवाय धरते. झाड फांदीच्या छाटाने लावले जाते आणि त्याच्या फळात वरटी जन्मत नाही. सासवड-दिव्याकडून येणाऱ्या पाटीतले अंजीर फोडल्यावर जो लालसर, रवाळ गर दिसतो, तो न फललेल्या फुलांचा असतो. आपण ज्याला फूल म्हणून कधी पाहिले नाही, ते उपासाला खाऊन मात्र झालेले असते.