संध्याकाळची फेरी जोरात का जाते?

प्रश्न : डिसेंबरात आम्ही खोपोलीजवळच्या पार्कात गेलो होतो. मुलाच्या हट्टापायी गेट उघडल्याउघडल्या रोलर कोस्टरमध्ये बसलो. ठीक वाटलं. निघायच्या आधी संध्याकाळी पुन्हा बसलो, तर तीच गाडी, तीच रांग, पण शेवटच्या उंचवट्यांवर मी सीटवरून चक्क उचलले गेले. मिस्टर म्हणतात, "सकाळी डोळे मिटले होतेस, संध्याकाळी उघडलेस, एवढाच फरक." खरं काय? आणि दुसरं. बारा वर्षांची असताना एका पार्कात मी लागोपाठ चार फेऱ्या मारल्या होत्या. मागच्या वर्षी त्याच कोस्टरमध्ये एकदाच बसले, तर दोन दिवस मान आखडली. म्हातारी कोण झाली, गाडी की मी?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : ताई, मिस्टरांना सांगा, पहिल्या प्रश्नात तुम्ही जिंकलात.

मी पस्तीस वर्षं बडोद्याजवळ बेअरिंगच्या कारखान्यात मेंटेनन्समध्ये काढली. त्यामुळे रोलर कोस्टरसमोर उभं राहिलं की लोक वर बघतात, मी चाकांकडे बघतो. नातवंडं वैतागतात.

साखळीने गाडी वर ओढून माथ्यावर सोडून दिली की पुढे तिला इंजिन नाही. माथ्यावर मिळालेली उंची हेच तिचं भांडवल, आणि त्यात परत शेवटपर्यंत यायचं. 30 मीटरवरून सुटलेली गाडी, काहीच वाया गेलं नाही तर, तळाशी ताशी 87 किलोमीटरने येईल. पण वाया जातंच : थोडं हवेत, थोडं चाकांच्या लोळण्यात, थोडं बेअरिंगमध्ये. उंची सकाळ-संध्याकाळ तेवढीच असते. बदलतो तो हा खर्च.

डिसेंबरातल्या सकाळी तुपाच्या डब्यात चमचा घालून बघा. नंतर तोच डबा घटकाभर गॅसच्या शेजारी ठेवा आणि पुन्हा चमचा फिरवा. बेअरिंगमधलं ग्रीस असंच वागतं. ग्रीस म्हणजे साबणाने धरून ठेवलेलं तेल (साबण म्हणजे खरंच साबण, लिथियमचा असतो बहुतेक वेळा). रात्रभर गार पडलं की ते घट्ट होतं, आणि प्रत्येक चाकाला त्यातून वाट काढत फिरावं लागतं. आमच्याकडे थंडीत पहिल्या पाळीला मशीन चालू केलं की अँमीटरचा (मोटर किती वीज ओढते ते दाखवणाऱ्या मीटरचा) काटा वर चढून बसायचा. तासाभरात, कुणी हात न लावता, खाली यायचा. नवीन पोरं घाबरून मला बोलवायची. मी म्हणायचो, आधी चहा घ्या, मग बोलू. चहा होईपर्यंत काटा जागेवर.

चाकांचंही तेच. त्यांच्यावर पॉलियुरेथेनचा थर असतो, काही ठिकाणी नायलॉनचा. पॉलियुरेथेन मऊ, धक्के गिळतं, पण दर फेरीत दबतं-सुटतं आणि त्यात वेग खातं. नायलॉन कडक. गाडी जोरात पळते, हाडं मात्र खुळखुळतात. दिवसभर फिरून चाकं तापली की त्यांचा स्वभाव थोडा बदलतो. म्हणून तर सकाळी पार्क उघडायच्या आधी रिकाम्या गाड्या फिरवून आणतात. तपासणी होते आणि गाडीचं अंगही मोकळं होतं.

आता तुमचे मिस्टर विचारतील, ग्रीसने असा कितीसा फरक पडणार? इथेच खरी गंमत आहे. समजा, शेवटच्या उंचवट्यापर्यंत येताना संध्याकाळी सकाळपेक्षा एक मीटर उंचीइतकी ऊर्जा वाचली. तळाशी सेकंदाला 25 मीटरने धावणाऱ्या गाडीत या एका मीटरने काय होईल? वेग 25.4 होईल. कुणाला कळणारही नाही. पण उंचवट्याच्या माथ्यावर गाडी मुळातच सावकाश असते. सकाळी तिथे सेकंदाला 8 मीटरने येत असेल, तर संध्याकाळी 9.1 ने येईल. आणि माणूस सीटवरून उचलला जाणं वेगावर नाही, वेगाच्या वर्गावर ठरतं. तो माथा 8 मीटर त्रिज्येचा धरा. सकाळी त्या वळणाबरोबर खाली वळायला तुम्हाला (वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या) सेकंदवर्गाला 8 मीटर त्वरण लागतं. गुरुत्वाकर्षण 9.8 देतं, म्हणजे तुमचं थोडं वजन सीटवर उरतं. संध्याकाळी लागतं 10.4. गुरुत्वाकर्षण कमी पडलं, तुम्ही वर आणि मांडीवरचा बार तुम्हाला धरून. म्हणजे वेगात फरक सेकंदाला मीटरभराचा, पण सकाळी तुम्ही सीटवर बसलेल्या आणि संध्याकाळी उचललेल्या. तुम्हीही लिहिलंत "शेवटच्या उंचवट्यांवर", पहिल्या उतारावर नाही. नुसता डोळे उघडण्याचा फरक असता तर तो पहिल्या उतारावरही जाणवला असता.

संध्याकाळी गाडी भरलेली असेल तर तेही तुमच्याच पारड्यात. भरलेल्या गाडीला हवेचा अडथळा जवळपास रिकामीइतकाच, पण वजन जास्त, म्हणून ती वेग कमी गमावते. मे महिन्यात मात्र हा फरक शोधू नका. आपल्याकडे तेव्हा सकाळी नऊलाच तूप पातळ असतं.

दुसऱ्या प्रश्नात निकाल तितका सोपा नाही. तुमचा कोस्टर लाकडी होता की पोलादी हे लिहिलं नाहीत. लाकडी असेल तर रूळ म्हणजे फळ्यांचे एकावर एक थर आणि वर पोलादी पट्टी. पावसात लाकूड फुगतं, उन्हात आक्रसतं, खिळे सैल होतात. कुठेतरी बारीकसा खळगा पडतो. दर गाडीचं चाक त्याच जागी आपटतं, खळगा खोल होतो, चाक उडून पुढे पडतं तिथे दुसरा तयार होतो. पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. सगळ्यात जास्त मार उतारांच्या तळाशी बसतो, कारण तिथे गाडीचा भार कैक पटींनी वाढलेला असतो. पोलादी रूळ इतका लवकर बिघडत नाही, पण तिथेही चाकं झिजतात, चाक आणि रूळ यांच्यात फट वाढते आणि गाडी डावी-उजवीकडे डोकं आपटू लागते. चाकं तीन बाजूंनी असतात : वर, बाजूला आणि रुळाच्या खाली. खालचं चाक जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने 1919 मध्ये पेटंट केलं. ते आहे म्हणून उंचवट्यावर गाडी रूळ सोडत नाही.

धक्क्यांत ऊर्जाही जाते. शिवाय सांगाड्याचा जीव वाचावा म्हणून मालक मध्येच ब्रेक बसवतात. त्यामुळे जुना कोस्टर एकाच वेळी मंदही होतो आणि खडबडीतही. टेक्सासमधला टेक्सास जायंट हा लाकडी कोस्टर 1990 मध्ये सुरू झाला आणि 2009 मध्ये बंद करावा लागला. 2011 मध्ये त्याच लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ टाकून तो पुन्हा उघडला. उलट न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडचा सायक्लोन हा कोस्टर 1927 पासून लाकडी रुळावरच चालतो आहे. मुलीकडे गेलो होतो तेव्हा तो बघायला गेलो. नातवाला बसवलं आणि मी खाली उभा राहून त्या लाकडाची करकर ऐकत बसलो. सुताराचं काम तिथे कधी संपत नाही. तुमच्या पार्कात ते कुणी केलं की नाही, तुमची मान सांगते आहे.

तुमचा वाटा किती? थोडा आहे, रागावू नका. बारा वर्षांची मुलगी अंग सैल सोडून बसते. चाळिशीची बाई दोन्ही हातांनी बार घट्ट धरते, मान ताठ करते, आणि प्रत्येक झटका सरळ मानेच्या स्नायूंवर घेते. पुढच्या वेळी डोकं मागे टेकवून ठेवा आणि दोन चाकांच्या मधली रांग मागा. बरोबर आसावरच्या सीटला धक्के जास्त बसतात. शेवटचा डबा मुलाला द्या. पुढचे डबे उताराला लागले की तो माथ्यावरून ओढला जातो. त्याला आवडेल.

प्रश्न : वर चढताना पूर्वी खट-खट-खट आवाज यायचा. नवीन कोस्टरमध्ये काही ठिकाणी तो येत नाही. साखळी बदलली का?
– एक विद्यार्थी, मांजलपूर

उत्तर : तो आवाज साखळीचा नव्हताच. डब्याखाली एक खटका असतो आणि चढणीवर दात असलेली पट्टी. साखळी तुटली तर गाडी मागे घसरू नये म्हणून खटका एकेका दातावर पडत जातो. सायकलचं पेडल थांबवलं की फ्रीव्हील टिकटिकतं, तोच प्रकार. नव्या गाड्यांत पुढे जाताना खटका उचलून धरतात आणि गाडी मागे येऊ लागली तरच तो पडतो. सोय तीच, आवाज नाही. मला विचाराल तर निम्मी भीती त्या आवाजातच होती. आमच्या वयाच्या माणसांना तो नसला की गाडीला काही झालंय की काय असं वाटतं.