रुमाल घेऊन जा

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. मी जागाच होतो, पण मुद्दामच उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर तू आणखी चार प्रश्न विचारले असतेस आणि सकाळी सहाच्या सॉर्टीला, म्हणजे सरावाच्या उड्डाणाला, डोळे चोळत गेली असतीस. म्हणून आज सवडीने लिहितोय.

फ्लाइंग नसलेल्या दिवशी तू मजेत असतेस, पण बोर्डावर नाव लागलं की पोटात गोळा येतो, घास उतरत नाही, असं म्हणतेस. तो मेसेज पुन्हा एकदा वाच. इंजिन सुरू झाल्यानंतर काय होतं, यावर त्यात एक ओळही नाही. तुझी सगळी भीती विमान ठेवायच्या हँगरच्या दारापर्यंतची आहे. मी विमान उडवायला शिकवलेल्या पोरांपैकी बहुतेकांचं असंच असायचं. खोदून विचारलं की पहिल्यांदा सरांचं ओरडणं निघायचं, मग घरचे पैसे, मग आरटीवर, म्हणजे टॉवरशी रेडिओवर बोलताना, बोबडी वळण्याची धास्ती. विमानाचा नंबर चौथा.

आधी चौथ्याचंच बघू, कारण परवा तुला स्टॉल दाखवणार आहेत आणि तो शब्द ऐकूनच तुझी झोप उडालेली दिसते. तुझ्या आईला वाटतं, स्टॉल म्हणजे गाडी बंद पडते तसं इंजिन बंद पडणं. तिचा काय दोष, शब्दच तसा आहे. इंजिन बिचारं चालूच असतं. नाक फार वर गेलं की पंखावरून वाहणारी हवा पंख सोडते आणि पंख वजन पेलायचं थांबवतो, एवढंच. नाक खाली केलंस की हवा पुन्हा चिकटते. तीन हजार फुटांवर हे करताना दोन-तीनशे फूट गेले, तरी कुणाचं काही बिघडत नाही.

आता एक काम सांगतो. तुमच्या सेसना १७२ च्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक आहे. स्टॉलच्या वेगाच्या पाच-दहा नॉट (नॉट हे विमानाच्या वेगाचं माप) आधी जो हॉर्न कोकलतो, तो या भोकातून हवा ओढली गेल्यामुळे. वॉक-अराउंडच्या, म्हणजे उडण्याआधी विमानाभोवती फिरून तपासायच्या, वेळी त्यावर स्वच्छ रुमाल ठेवायचा, ओठ लावायचे आणि हवा आत ओढायची. हॉर्न वाजतो. सेसनाच्या चेकमध्येच हे लिहिलेलं आहे, पण पोरं लाजतात, इकडेतिकडे बघतात आणि पुढे जातात. तू लाजू नकोस. ज्या आवाजाने परवा तुझं काळीज हलणार आहे, तो आधी जमिनीवर, स्वतःच्या तोंडाने दोन-तीनदा वाजवून घे. वर गेल्यावर तो ओळखीचा वाटेल. जत्रेतल्या पुंगीपेक्षा फार वेगळा नाही.

इंजिन खरंच बंद पडलं तर, हेही तुझ्या मनात असणार. वारा नसेल तर हे विमान हजार फूट खाली येईपर्यंत साधारण दीड नॉटिकल मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर पुढे जातं. तीन हजार फुटांवरून आठ किलोमीटर, आणि हातात जवळजवळ चार मिनिटं. चार मिनिटांत चहा होतो. शेत निवडता येतं, चेक्स करता येतात, रेडिओवर मदतीचा मेडे कॉल देता येतो. रोज उडताना खाली बघून मनातल्या मनात एक शेत निवडत जा. विहीर आणि विजेचे खांब नसलेलं.

आता पहिल्या नंबरवर येऊ. माझे इन्स्ट्रक्टर आवाजाने असे दणकट होते की हेडसेटची गरजच नव्हती. मी त्यांना इतका घाबरायचो की ते काहीही म्हणाले तरी 'येस सर'. एकदा फायनलला, म्हणजे उतरण्यासाठी रनवेच्या रेषेत आल्यावर, स्पीड पडत चालला होता. काटा मला स्पष्ट दिसत होता. पण ते सांगतील मग पॉवर देऊ, म्हणून मी थांबलो. आणि मी काय करतो ते बघत ते थांबले. विमान धाडकन रनवेवर आपटलं, उसळलं, आणि त्यांनी कंट्रोल्स घेतले. नंतर डीब्रीफला, म्हणजे उड्डाणानंतरच्या चर्चेत, ते ओरडलेच नाहीत. "स्पीड दिसला होता?" "हो सर." "मग?" त्या 'मग'चं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरं सांगायचं तर माझा एक डोळा रनवेवर होता आणि दुसरा त्यांच्या चेहऱ्यावर.

त्यावरून मी एक खोड लावून घेतली, तीच तुला सांगतो: मोठ्याने बोलत उडायचं. "स्पीड साठ, कमी होतोय, पॉवर देतेय." "रनवेकडे उशिरा वळले, लांब गेले." सुरुवातीला वेड्यासारखं वाटेल. पण इन्स्ट्रक्टर ओरडतो तो बऱ्याचदा तुझ्या डोक्यात काय चाललंय ते त्याला कळत नाही म्हणून. बोललीस की त्याचा आवाज आपोआप उतरतो. इतकं करूनही कुणी कॉकपिटमध्ये अपमानच करत असेल, तर चीफ इन्स्ट्रक्टरकडे जाऊन दुसरा इन्स्ट्रक्टर माग. त्यात कमीपणा नाही. माझ्याकडूनही दोन जण दुसरीकडे गेले होते. एकाच्या बाबतीत तर चूक माझीच होती.

पैशांचं मला हलकं करता येणार नाही. बाबांनी कर्ज काढलंय, तासाचे हजारो रुपये जातात, आणि लँडिंगचा एकच धडा तिसऱ्यांदा गिरवायचा म्हणजे जिवावर येतं. फक्त एक हिशेब लक्षात ठेव. कमर्शियल लायसन्सला दोनशे तास लागतात. त्यातले शंभर तुझे स्वतःचे, पायलट इन कमांड म्हणून. उरलेल्यात इन्स्ट्रक्टरबरोबरची ही 'वाया गेलेली' सर्किटंही, म्हणजे रनवेभोवतीच्या फेऱ्याही, मोजल्या जातात. लॉगबुकमध्ये वाया गेलेला असा रकाना नसतो.

खर्च वाचवायचाच असेल तर खोलीत वाचव. खुर्चीवर बस, चेकलिस्ट मांडीवर घे, डोळे मिट आणि अख्खी सॉर्टी उडव. माझ्या एका विद्यार्थ्याने इंजिनाला पॉवर देणारा थ्रॉटल म्हणून कणकेच्या डब्यात लाटणं खोचलं होतं. रूममेट हसायचे. सोलो, म्हणजे एकट्याने पहिलं उड्डाण, मात्र त्या बॅचमध्ये त्याचाच आधी झाला. आरटीचे कॉलही तसेच, मोठ्याने आणि मांडीवर बांधायच्या नीबोर्डवर लिहून. बोबडी वळते ती पुढचा शब्द माहीत नसल्यामुळे.

योक, म्हणजे विमानाचं स्टीअरिंग, तू घट्ट धरत असणारच. मधल्या बोटावरून आणि दोन्ही बाजूच्या बोटांखालून एक पेन्सिल अडकव. मूठ आवळलीस की ती बोटांत रुतते. दोन सर्किटांत हात सैल होतो.

उन्हाळ्यात होता होईल तेवढी सकाळची वेळ मागून घे. अकरानंतर नांगरलेल्या काळ्या रानावर आलं की विमान वर उचललं जातं, आणि पुढे पाणी दिलेला ऊस लागला की खाली बसतं. बारामतीकडे उडणाऱ्या पोरांना हे पाठ असतं. धक्का बसला की आधी खाली बघ. बहुतेक वेळा कारण शेतातच दिसेल.

रिकाम्या पोटी जाऊ नकोस. एक केळं किंवा मूठभर पोहे पुरेत. आणि कुणी काही म्हणो, स्वतःच्या मनाने गोळी घेऊ नकोस. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून आपण घेतो ती गोळीसुद्धा गुंगी आणते. मेडिकल करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. आठवडेच्या आठवडे झोप लागेनाशी झाली, तर तेही त्यांनाच सांग, लपवू नकोस. आणि ताप असेल, रात्रभर जागरण झालं असेल, घरून वाईट बातमी आली असेल, तर "सर, आज नको" म्हणायचं. पोटातला गोळा हे मात्र त्यासाठीचं कारण नाही. तो मला अजूनही येतो. परवा नातवाला आकाशपाळण्यात बसवलं तेव्हासुद्धा आला होता.

सोलोबद्दल विचारलंयस, त्याला अजून वेळ आहे. त्या दिवशी शेजारची सीट रिकामी असते, त्यामुळे विमान हलकं होऊन नेहमीपेक्षा लवकर उचलतं आणि चढतंही जोरात. पुढचं त्या वेळी लिहीन.

परवा हॉर्न पहिल्याच ओढीत वाजला का, ते कळव. रुमाल सुती घे. 

तुझा,
सर