कुप्पी एक टनाची आहे, अँगल नाही

प्रश्न : सर, माझ्याकडे वडिलांची जुनी सीजे-3बी जीप आहे. पेट्रोल इंजिन रिंगा आणि बेअरिंगसाठी बाहेर काढायचं आहे. घराशेजारी पत्र्याचं गॅरेज आहे, 14 फूट रुंद, 40 बाय 40 बाय 5 मिलीमीटरच्या लोखंडी अँगलवर (एल आकाराच्या पट्टीवर) पत्रे, खाली शहाबादी फरशी. शेजाऱ्यांची एक टनाची चेनकुप्पी (साखळी ओढून वजन उचलायची कप्पी) मिळते. ती मधल्या अँगलला टांगावी असा विचार आहे. हिचं म्हणणं, छप्पर डोक्यावर येईल.
– एक वाचक, कराड

उत्तर : वहिनींचं ऐका. कुप्पी एक टनाची आहे, अँगल नाही. तुमचं चार सिलिंडरचं बिडाचं इंजिन गिअरबॉक्स सोडूनही दीडशे किलोच्या वर भरतं. मी हिशेब मांडून पाहिला : 14 फुटी अँगलच्या मधोमध एवढं वजन टांगलं तर त्यावर येणारा ताण लोखंड कायमचं वाकण्याच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त होतो. तो अँगल पत्र्याचं वजन आणि वारा पेलायला आहे, तेही सगळ्या लांबीवर पसरून. शिवाय इंजिन माउंटिंगला अडकलं की आपण साखळीला हिसका देतोच, तो भार वेगळाच.

हे पुस्तकातलं ज्ञान नाही. आयटीआयमध्ये शिकवायला लागलो त्या वर्षी मित्राच्या गोठ्यात सागवानी तुळईला इंजिन टांगलं होतं. सागवान म्हणून विश्वास. आतून वाळवीने पोखरलेली निघाली. इंजिन पडलं ते खालच्या टायरवर, माझा पाय तिथून जेमतेम वीतभर लांब होता.

तुम्ही इंजिन क्रेन दोन दिवसांसाठी भाड्याने आणा. बूमला, म्हणजे तिच्या लांब होणाऱ्या हाताला, भोकं असतात आणि प्रत्येकाजवळ वजन लिहिलेलं असतं. दोन टनांची म्हणून आणलेली क्रेन बूम पूर्ण बाहेर काढल्यावर बहुधा अर्ध्या टनाचीच उरते. तुम्हाला तेवढी पुरते, पण आकडा वाचल्याशिवाय पिन घालू नका. आणि हूक क्रेनच्या पुढच्या चाकांच्या पुढे जाता कामा नये, नाहीतर सगळं पुढे कलंडेल. फरशीच्या फटीत ती छोटी चाकं अडकतात, म्हणून 19 मिलीमीटरच्या प्लायवूडचे दोन तुकडे अंथरा. बोअरवाल्यांची तिपाईही चालते, पण आठ-नऊ फुटांच्या छपराखाली ती उभी राहत नाही. अंगणात लावलीत तर पाय तळाशी साखळीने एकमेकांना बांधा.

सीजे-3बीचं बॉनेट उंच आहे ते त्या उंच इंजिनामुळेच. म्हणून बॉनेट, रेडिएटर आणि पुढची जाळी काढूनच टाका, उचलायची उंची कमी लागेल. आधी बॅटरी सोडवा, पेट्रोलची नळी बंद करून टोक बुजवा, पाणी आणि ऑइल काढा. गिअरबॉक्स जागेवरच ठेवून त्याखाली जॅक द्या. इंजिन पुढे सरळ रेषेत ओढा. ते मागच्या बाजूला गिअरबॉक्सच्या शाफ्टवर लटकत राहिलं तर क्लच प्लेटची हब खराब होते.

साखळी हेडच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) दोन स्टडना, एक पुढे डावीकडे आणि एक मागे उजवीकडे, जाड पट्टी लावून बांधा. मॅनिफोल्डला (हवा आणि धुराच्या नळ्यांच्या जोडाला) किंवा डायनॅमोच्या ब्रॅकेटला अजिबात नको. साखळी लांब ठेवा. दोन्ही पदर आडव्या रेषेशी 60 अंश करत असतील तर प्रत्येकावर भाराच्या 58 टक्के येतात. तेच 30 अंशांवर उतरले तर प्रत्येक पदरावर अख्खं इंजिन. नायलॉनचा दोर बैलगाडीसाठी ठेवा.

इंजिन मोकळं झालं की क्रेन हलवू नका, मागे जीपच ढकला. मग लगेच इंजिन खाली घ्या, ट्रकच्या जुन्या टायरवर. हायड्रॉलिकवर रात्रभर टांगून ठेवू नका, सील झिरपला की ते हळूहळू खाली येतं. आणि वहिनींना सांगा, छपराबद्दल त्यांचा अंदाज माझ्या हिशेबाशी जुळला.